हथखोजचा मिस्त्री आणि साठ हजार कोटींची योजना

भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात दिवसा पायी फिरायचे, तर ट्रकांच्या रांगांना वळसा घालतच फिरावे लागते. लोखंड कापणाऱ्या, वाकवणाऱ्या, सांधणाऱ्या लहानमोठ्या कार्यशाळांचा हा परिसर. कच्चा माल येतो तो ट्रकने आणि तयार माल जातो तोही ट्रकने. आणि जिथे इतके ट्रक थांबतात तिथे ते दुरुस्त करणारी माणसे आपोआप वस्तीला येतात. पत्र्याचे छप्पर, तेलाने काळी पडलेली जमीन, एक कॉम्प्रेसर, पान्यांची पेटी आणि राबणारे तीन-चार जण, एवढ्यावर उभी असलेली ही गॅरेजे कोणत्याही औद्योगिक नकाशावर दिसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका गॅरेजात मी दोनेक तास बसलो होतो. समोर २०२१ सालचा एक ट्रक उभा होता. वॉरंटी संपलेली, मालक दुसरा. चालकासमोरच्या फलकावरील पिवळा दिवा विझत नव्हता आणि चढ आला की इंजिन मान टाकत होते. मिस्त्री पन्नाशीचा. दोष एका इंजेक्टरमध्ये आहे हे त्याने तासाभरात हुडकले होते. नवा इंजेक्टर बाजारात मिळतो, तो बसवताही येतो; पण बसवल्यानंतर त्यावर छापलेला संकेतांक इंजिनाच्या संगणकाला कळवावा लागतो, आणि ते काम करणारे यंत्र अधिकृत सेवा केंद्रात असते. ‘साहेब, रोग मला कळतो, औषधही हातात आहे, फक्त ते देण्याचा हक्क माझ्याकडे नाही,’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा नवलच अधिक होते. त्याचा मदतनीस वीस-बावीस वर्षांचा, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेला. त्याच्या तळहातावर टाक्यांची ताजी खूण होती. तिच्याविषयी पुढे सांगतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये आयटीआयच्या उन्नतीकरणासाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये ‘पीएम-सेतू’ या नावाने तिचा प्रारंभ झाला. एक हजार सरकारी आयटीआय, त्यांपैकी २०० केंद्रस्थानी आणि ८०० त्यांच्याशी जोडलेल्या. केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी आणि उद्योगांचे १०,००० कोटी, अशी तिची रचना आहे. त्याआधी २०२३ मध्ये छत्तीसगड सरकारने ३६ आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी टाटा टेक्नॉलॉजीजशी करार केला होता. हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, डिझेल वाहनांच्या तंत्रज्ञानाचे जे ‘प्रगत’ प्रशिक्षण या पैशातून उभे राहील, ते हथखोजच्या त्या पत्र्याच्या छपराखाली कोणत्या वाटेने पोहोचणार?

प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी ट्रकच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. १ एप्रिल २०२० रोजी आपण भारत स्टेज-४ वरून थेट भारत स्टेज-६ वर उडी घेतली. मधली पाचवी पायरी वगळली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांमागे ५० वरून १० वर आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावले होते की, ३१ मार्च २०२० नंतर जुन्या मानकांची वाहने विकता येणार नाहीत. निर्णय योग्यच होता. तेल कंपन्यांनी शुद्धीकरण प्रकल्प बदलले, वाहन उत्पादकांनी इंजिने बदलली, त्यासाठी दोघांनीही मोठी गुंतवणूक केली. या साखळीतील तिसरा दुवा म्हणजे वॉरंटीनंतर ते इंजिन उघडणारा हात. त्याच्यासाठी कोणी तारीख ठरवली नव्हती.

जुन्या इंजिनात इंधन पंप आणि नोझल हे यांत्रिक भाग होते. आवाज, धुराचा रंग आणि बोटांना जाणवणारी थरथर एवढ्यावर जाणता मिस्त्री निदान करी. नव्या इंजिनात इंधन एका सामाईक नळीत दीड-दोन हजार बार इतक्या दाबाखाली साठवले जाते, आणि प्रत्येक इंजेक्टर केव्हा व किती उघडायचा हे संगणक ठरवतो. धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आहे. तिच्यापुढे युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडचे निरुपद्रवी वायूत रूपांतर करणारी यंत्रणा आहे, आणि या सर्वांवर पहारा ठेवणारे संवेदक आहेत. यातील काही बिघडले की इंजिन स्वतःची ताकद स्वतःच कमी करते. म्हणजे यंत्र आता यांत्रिक, विद्युत, रासायनिक आणि संगणकीय अशा चार भाषांत बोलते, आणि आपला ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे.

आता त्या मुलाच्या तळहाताविषयी. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्याची एक पिढीजात युक्ती होती. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करायचा. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. देशातील प्रत्येक उस्तादाने ही युक्ती आपल्या शागिर्दाला शिकवली आहे. सामाईक नळीच्या इंजिनावर मात्र ती करायची नसते, कारण त्या दाबाने सुटलेली डिझेलची सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. मुलाने दुसऱ्या एका गाडीवर तेच केले होते. शस्त्रक्रिया करून हात वाचला. मी त्याला विचारले, संस्थेत हे सांगितले नव्हते का? तो म्हणाला, ‘पुस्तकात होते सर. पण तसले इंजिन वर्गात नव्हते.’

या उत्तराने मला साडेतीन दशके मागे नेले. अविभाजित मध्य प्रदेशात नवखा अधिकारी असताना एका आयटीआयच्या तपासणीला गेलो होतो. डिझेल विभागात एक इंजिन प्लास्टिकच्या आवरणाखाली नव्यासारखे चमकत होते. ते सुरू का करत नाही, असे मी निदेशकांना विचारले. ते संकोचून म्हणाले की, इंजिन मंजूर झाले, पण त्यात घालायच्या डिझेलसाठी लेखाशीर्ष नाही. किरकोळ खर्चातून घेतले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. मी मनातल्या मनात हसलो आणि तपासणी टिपणीत लिहिले, ‘यंत्रसामग्री सुस्थितीत.’ वाक्य खरे होते. त्या वर्षी त्या विभागातून उत्तीर्ण झालेल्या मुलांनी चालू इंजिनाला हात न लावता प्रमाणपत्र मिळवले, आणि त्या प्रमाणपत्राखाली माझ्या टिपणीचाही एक दगड आहे. आपली व्यवस्था वस्तू मोजते, भरलेल्या जागा मोजते, उत्तीर्णांची टक्केवारी मोजते. इंजिन किती तास चालले, हे मोजायचा रकाना माझ्या नमुन्यात नव्हता. तो आज आहे काय, हे ज्यांच्या हाती नमुना आहे त्यांनी पाहावे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट इथे नोंदवाविशी वाटते. आपल्या कारागीर प्रशिक्षणाचा जन्म शिक्षण खात्यात झालेला नाही. तो युद्धात झाला. १९४० मध्ये ब्रिटिश भारत सरकारच्या कामगार खात्याने युद्धासाठी तंत्रज्ञ घडवण्याची योजना सुरू केली. युद्ध संपल्यावर तीच केंद्रे मुक्त झालेल्या सैनिकांसाठी वापरली गेली आणि फाळणीनंतर निर्वासितांसाठी. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना आणि पुढच्या आयटीआय या त्याच धाग्यातून विणल्या गेल्या. १९४८ मध्ये, म्हणजे ती योजना येण्याच्याही आधी, निदेशकांना शिकवणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. ती बिलासपूरजवळच्या कोनी येथे होती, आजच्या छत्तीसगडात, भिलाईहून रेल्वेने दोन-तीन तासांच्या अंतरावर. पुण्याजवळ औंधला अशी दुसरी संस्था निघाली. विद्यार्थ्याआधी शिक्षक घडवला पाहिजे, हा क्रम त्या काळच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होता. पुढे आपण आयटीआय हजारोंनी वाढवल्या, खासगी तर विशेषच, आणि निदेशकांची उभारणी मागे पडत गेली. नव्या योजनेत ५०,००० प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, हे तिचे सर्वांत मोलाचे कलम. माध्यमांत त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. त्यासाठी निवडलेली पाच राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथे आहेत. कोनीचा प्रदेश त्या यादीत नाही. महाराष्ट्रही नाही.

भिलाईचा स्वतःचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा या प्रदेशाची राजधानी नागपूर होती; मराठी वाचकाला हा दुवा विसरता येणार नाही. चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या चार वर्षांत केवळ भट्टी बांधली गेली नव्हती. भारतीय अभियंते आणि कारागीर शिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत पाठवले गेले, आणि सोव्हिएत तज्ज्ञ इथे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. यंत्र आणि यंत्र जाणणारा माणूस एकाच करारात आला होता. मात्र हे भाग्य कारखान्याच्या भिंतीआड राहिले. भिंतीबाहेरच्या खासगी कार्यशाळांतील कंत्राटी कामगाराला ना ते वेतन मिळाले, ना ते शिक्षण. शंकर गुहा नियोगी यांचा भिलाईतील लढा याच भिंतीबाहेरच्या माणसांसाठी होता; २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची हत्या झाली. त्यांच्या संघटनेने दल्ली राजहऱ्यात कामगारांचे इस्पितळ उभारले हे अनेकांना माहीत असते. तिथे मोटारदुरुस्तीचे गॅरेजही चालवले गेले, हे फारसे सांगितले जात नाही.

आजच्या कायद्यातही ती भिंत शाबूत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे. चौघांच्या गॅरेजला ते नाही. धोरणकर्त्याला हे सवलत वाटते; प्रत्यक्षात तो बहिष्कार ठरतो. कारण बंधन नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे विद्यावेतनातील सरकारी वाटा नाही, आणि त्या मुलाच्या तीन वर्षांच्या राबणुकीची किंमत कोणत्याच कागदावर नाही. जी मुले मोठ्या कंपन्यांत वा अधिकृत सेवा केंद्रांत शिकतात, त्यांना नवे इंजिन भेटते. पण वॉरंटी संपलेला ट्रक तिथे क्वचितच परततो. तिथला दर लहान मालकाला परवडत नाही. तो हथखोजला येतो. महाराष्ट्रात तो वाडीला येतो, कळंबोलीला येतो, धुळ्याच्या महामार्गालगतच्या गॅरेजांत येतो.

पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखाली अनुभवी कारागिरांच्या पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे. पण तिचे स्वरूप, मिस्त्रीला जे येते त्याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती ठेवणे, असे आहे. त्याला जे येत नाही ते शिकवण्याची ती योजना नव्हे. शिवाय वरची पायरीही अडलेली आहे. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. एक वर्षाचा डिझेल मेकॅनिक त्या दारातून आत जात नाही. म्हणजे ज्याला प्रगत शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच्यासमोरच शिडी तुटलेली.

जर्मनीने २००३ मध्ये मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन जुने व्यवसाय एकत्र करून एकच व्यवसाय केला आणि त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे ठेवले. शिकाऊ उमेदवार आठवड्याचा बराच काळ कार्यशाळेत आणि उरलेला व्यवसायशाळेत असतो. पुढे ‘माइस्टर’ ही पदवी घेतली की त्याला स्वतःचे गॅरेज चालवता येते आणि इतरांना शिकवताही येते. आपल्याकडे जर्मनीचे नाव आले की कोणी तरी म्हणतो, तो श्रीमंत देश. पण इथे श्रीमंतीचा संबंध कमी आहे. तिथली लहान गॅरेजे व्यावसायिक संघांत बांधलेली आहेत, आणि एकट्या गॅरेजला जे परवडत नाही ते प्रशिक्षण त्या संघांच्या सामाईक कार्यशाळांत होते. आपल्या साखर कारखान्यांनी आणि दूध संघांनी हीच गोष्ट वेगळ्या धंद्यात करून दाखवलेली आहे. मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नसावी.

तरीही केवळ शिकवून भागणार नाही, आणि या विषयातला खरा पेच मला इथे दिसतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादक कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा आक्षेप होता. कंपन्यांच्या बचावातील एक मुद्दा असा की, स्वतंत्र मिस्त्रींकडे पुरेसे कौशल्य नाही, त्यामुळे ही साधने त्यांच्या हाती देणे सुरक्षित नाही. आयोगाला हे पटले नाही. प्रकरण पुढे अपिलांत गेले. तो खटला मोटारींचा होता, ट्रकांचा नव्हे. पण युक्तिवाद हथखोजलाही लागू पडतो. कौशल्य नाही म्हणून साधन नाही, आणि साधन नाही म्हणून कौशल्य नाही. युरोपीय संघाने २००७ च्या नियमातच उत्पादकांवर बंधन घातले की, दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही वाजवी शुल्कात उपलब्ध करून दिली पाहिजे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, पोर्टलही सुरू केले, आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. पण सहभाग कंपन्यांच्या इच्छेवर सोडल्यावर जे होते ते झाले. ज्या उत्पादकाला सरकारी निधीतून चालणाऱ्या आयटीआयचा भागीदार व्हायचे आहे, त्याने आपल्या इंजिनांची निदान-माहिती त्या आयटीआयशी जोडलेल्या नोंदणीकृत गॅरेजांना वाजवी शुल्कात द्यावी, अशी अट ‘पीएम-सेतू’च्या करारात घालता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. करारातील एक परिच्छेद पुरतो.

हे न केल्याची किंमत कोण मोजतो? गाडी थांबली की लहान मालकाचा हप्ता थांबत नाही. मग मिस्त्रीकडे मागणी होते ती दुरुस्तीची नव्हे, वळशाची. काजळीची गाळणी कापून पोकळ करायची. युरियाच्या यंत्रणेला चकवणारे लहानसे उपकरण जोडायचे, म्हणजे संगणकाला वाटते की सर्व ठीक आहे. ट्रक पुन्हा धावू लागतो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची डिझेल वाहनांसाठीची चाचणी धुराची घनता पाहते, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाही. त्यामुळे युरिया बंद असलेला ट्रकही त्या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकतो. शुद्ध डिझेलसाठी आणि नव्या इंजिनांसाठी देशाने जो खर्च केला, तो अशा प्रकारे एका आडवाटेच्या गॅरेजात, काही हजार रुपयांत, धुरासोबत उडून जातो. त्या मिस्त्रीला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. त्याच्यापुढे खरे काम शिकण्याचा मार्ग आपण कधी ठेवला होता, हे आधी विचारावे लागेल.

काही मित्र म्हणतात, डिझेलचे दिवस भरले. आता विद्युत वाहनांचा अभ्यासक्रम काढा, मागचे विसरा. रेल्वेचे उदाहरण ते देतात. वाराणसीचा डिझेल इंजिन कारखाना विद्युत इंजिने बनवू लागला, २०२० मध्ये त्याच्या नावातूनही डिझेल गेले. उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. रेल्वेच्या डिझेल शेडमधला कारागीर रेल्वेच्याच पगारावर होता. रेल्वेने त्याला विद्युत इंजिन शिकवले आणि त्याच शेडमध्ये उभे केले. हथखोजचा मिस्त्री कोणाच्याच पगारावर नाही. आणि आज विकला जाणारा डिझेल ट्रक पुढची दहा-पंधरा वर्षे याच रस्त्यांवर असणार आहे. ज्याला आजचे संगणकनियंत्रित डिझेल इंजिन समजले, त्याला उद्याचे विद्युत वाहन परके वाटणार नाही. ज्याला ते समजले नाही, तो दोन्हीकडून बाद होईल.

निघताना मी त्या मिस्त्रीला विचारले की, सरकारने सहा महिन्यांचा प्रगत वर्ग काढला तर येशील का? तो हसला. सहा महिने गॅरेज बंद ठेवले तर परतल्यावर गिऱ्हाईक आणि जागा दोन्ही गेलेली असेल. मग किती दिवस जमेल? त्याने बोटांवर हिशेब केला. रविवारी दुपारनंतर गाड्या कमी असतात. रविवारचे चार तास, वर्षभर. शिकवणाऱ्याने चालू इंजिन समोर ठेवावे आणि पोराच्या नावाची नोंद कुठे तरी व्हावी, एवढे दोन आग्रह त्याने धरले. दुर्ग जिल्ह्यातील आयटीआयसाठी जो आराखडा होईल, त्याच्या बैठकीला मोठ्या उद्योगांचे प्रतिनिधी येतील, उत्पादक येतील, राज्याचे सचिव येतील. गॅरेजवाल्यांसाठी त्या टेबलाशी एक खुर्ची ठेवायची असेल, तर ती बैठकीचे निमंत्रण निघण्याआधी ठेवावी लागते.